मागच्या सीटवरचा डाग

कमरोद्दीनचाचांनी डब्यातली टाल्कम पावडर तळहातावर ओतून घेतली आणि मागच्या सीटवरच्या काळ्या डागावर ती चिमटीचिमटीने सोडायला सुरुवात केली. चोळली नाही, नुसती पडू दिली. त्यांचा एक गुडघा गाडीच्या दाराच्या पट्टीवर होता, दुसरा पाय पोर्चच्या फरशीवर आणि डोकं आत. डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा होता. तो घसरला की ते मनगटाने वर ढकलत, कारण बोटं पावडरीने भरली होती.

"आता हात लावायचा नाय," ते आतूनच म्हणाले. "पावडर तेल पिते. पिऊ द्यायचं तिला."

तनुजा पायरीवर गरम पाण्याचं पातेलं घेऊन उभी होती. पातेल्याचे काठ चटकत होते तरी तिने ते खाली ठेवलं नाही.

"किती वेळ लागेल, चाचा?"

"बघू. डाग सांगंल."

चाचांना घेऊन त्यांची बायको मुनिरा सकाळी साडेनऊला फाटकापर्यंत आली होती. आत आली नाही. जाताना तनुजाला एवढंच म्हणाली, "लई वाकू देऊ नका त्यांना. बाराच दिवस झालेत ऑपरेशनला." तनुजाने मान हलवली होती. त्यानंतरचा अर्धा तास चाचा वाकलेलेच होते.

तो डाग चाचांचा नव्हता. तनुजाने पाडलेला होता.

गाडी येऊन तीन आठवडे झाले होते. तिच्या नवऱ्याच्या, सुदर्शनच्या, घराण्यातली ती पहिली गाडी. गंगापूरजवळच्या त्याच्या गावाहून वडील, काका, आत्या असे सगळे ती बघायला येऊन गेले होते. सीटचं कापड फिक्या राखाडी रंगाचं होतं. बरेच दिवस त्यावर कंपनीचं प्लास्टिक होतं. उन्हाने ते अंगाला चिकटायला लागलं तेव्हा सुदर्शनने एका संध्याकाळी बसून, कात्रीचं टोकही न लावता, हाताने ते सोडवून काढलं. तनुजाकडे परवाना होता. वाळूजच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती दोन महिने शिकली होती. पण सुदर्शन म्हणायचा, "आधी माझा हात बसू दे. मग तू चालव." तो हे प्रेमाने म्हणायचा, त्यामुळे तिला भांडताही आलं नव्हतं.

बुधवारी त्याची दुसरी पाळी होती. दोनच्या सुमाराला तो कंपनीच्या बसने गेला. संध्याकाळी मुलीचा, श्रेयाचा, फोन आला. क्लासवरून येताना तीसगावच्या रस्त्यावर तिच्या सायकलची चेन तुटली होती. दिवस मावळत होता, पाळी सुटल्याच्या गाड्या रस्त्यावर होत्या, आणि चौदा वर्षांची मुलगी हातात सायकल धरून ट्रकच्या कडेला उभी होती. तनुजाने कपाटातून किल्ली काढली. डिकीत गॅसची टाकी असल्याने सायकल तिथे बसणार नव्हती. दोघींनी मिळून ती मागच्या सीटवर आडवी घातली. श्रेयाने खाली आपली ओढणी पसरली होती, पण पहिल्याच गतिरोधकावर ती घसरून गेली असणार. घरी येऊन तनुजाने गाडी होती तशी लावली, ड्रायव्हरची सीट मागे सरकवली, आरसासुद्धा सुदर्शनच्या उंचीला फिरवून ठेवला. मागची सीट अंधारात पाहिली नाही.

"पप्पांना सांगू नको," ती श्रेयाला म्हणाली. "उगाच डोक्यात राहील त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सुदर्शन चाचांना आणि मुनिराला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. चाचांच्या मोतीबिंदूची ती तपासणी होती. सुदर्शनने स्वतःहून विचारलं होतं, "रिक्षा कशाला, मी आहे ना." चाचा पांढरा धुतलेला कुर्ता-पायजमा घालून, अत्तर लावून आले होते. दोघं मागे एकेका दाराशी बसले, मधल्या जागेवर त्यांची पिशवी होती. त्यांचं सायकलचं दुकान धुळीच्या भीतीने दहा दिवस बंद होतं. दहा दिवस त्यांच्या हाताला ग्रीस लागलेलं नव्हतं.

आणि शुक्रवारी सकाळी सुदर्शनने गाडी पुसायला मागचं दार उघडलं.

त्याच सकाळी तो आणि तनुजा भाजी आणायला गेले. येताना सुदर्शनने चाचांच्या दुकानासमोर गाडी थांबवली. डॉक्टरांनी हो म्हटल्यामुळे चाचांनी त्याच दिवशी दुकान उघडलं होतं. पंक्चरवाले दोघं-तिघं थांबलेले होते, शेजारच्या टपरीवर फकिरा चहा गाळत होता. तनुजा पुढच्या सीटवर होती. काच खाली होती, मांडीवर मेथीची जुडी होती.

सुदर्शन ओरडला नाही. तो ओरडणारा माणूसच नव्हता. हसल्यासारखं करत म्हणाला, "चाचा, तुम्हाला प्रेमानं गाडीत बसवलं, आणि तुम्ही सगळं दुकान माझ्या सीटला पुसून गेलात की."

चाचांना कळलं नाही. "काय झालं?"

"ग्रीसचा डाग पडलाय हा एवढा. नवी गाडी आहे हो. बसताना कपडे तरी बघायचे."

फकिरा टपरीतून म्हणाला, "चाचा, आता साहेबाच्या गाडीत बसायचं तर आंघोळ करून बसत जा." थांबलेली माणसं हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. सकाळची वेळ होती आणि काहीतरी बोलायचं म्हणून कोणी बोललं होतं.

चाचांनी आपले दोन्ही तळहात समोर धरून पाहिले. मग उलटे करून पाहिले. मग म्हणाले, "रविवारी येतो, साहेब. डाग काढून देतो."

अठरा वर्षांत त्यांनी सुदर्शनला कधी साहेब म्हटलं नव्हतं. सुदर्शन एकोणिसाव्या वर्षी ठेकेदाराकडे कामाला लागून बजाजनगरात आला तेव्हा त्याच्याकडे एक जुनी सायकल होती. एकदा तिचं चाक पार वाकडं झालं. नवीन रिम मिळेपर्यंत आठ दिवस चाचांनी त्याला स्वतःची सायकल दिली, म्हणजे पहिली पाळी बुडू नये. स्वतः चालत मशिदीत गेले, चालत बाजाराला गेले. ही गोष्ट सुदर्शननेच लग्नानंतर तनुजाला सांगितली होती. त्या सायकलच्या दिवसांपासून चाचा त्याला सुदर्शनराव म्हणायचे, थोडं चेष्टेने, थोडं कौतुकाने.

गाडीत बसून तनुजाने मेथीची एक काडी मोडली. मग दुसरी मोडली. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. डाग माझा आहे, एवढे तीनच शब्द. पण सुदर्शन म्हणाला असता, तू गाडी घेतलीस? तेही फकिराच्या समोर. घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी गेल्यावर ती भाजी निवडत बसली, आणि तो जेवून पाळीला गेला. शनिवारी नणंद आली होती. प्रत्येक वेळी सांगणं आधीपेक्षा जड झालं, आणि मग रविवार उजाडला.

वीस मिनिटं झाल्यावर चाचांनी दाढीचा जुना ब्रश खिशातून काढला आणि पावडर झटकायला घेतली. पावडर आता करडी झाली होती. ते ती एका कागदावर गोळा करत होते, सीटच्या फटीत कणही जाऊ देत नव्हते. वरवरचा काळा फराटा फिका झाला होता. त्याच्या मध्ये मात्र ठिपक्यांची एक कमान उरली होती. ठिपके बारीक, गडद आणि अगदी सारख्या अंतरावर होते.

चाचांचा ब्रश थांबला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बोट त्या कमानीवरून हवेतच, कापडाला न लावता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. ओठ हलत होते. तनुजाला वाटलं, ते मोजतायत. सायकलच्या पायडलजवळचं दातेरी चाक कसं उमटतं, हे त्यांच्यापेक्षा चांगलं ओळखणारा माणूस या वस्तीत नव्हता.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

"श्रेयाची सायकल दिसंना कुठं," ते म्हणाले. पाठ तनुजाकडेच होती.

"मागं आहे, चाचा," ती म्हणाली. "हवा गेलीय."

आत्तापर्यंत ती गप्प होती. आता ती खोटं बोलली होती.

"हवा गेली व्हय," चाचा म्हणाले. "मग आणून टाका दुकानावर. हवेचं काय."

तेवढ्यात सुदर्शन मग्यात भांड्याचा पातळ साबण घेऊन बाहेर आला. साबण चाचांनी मागितला होता. सुदर्शन एका कंपनीत तपासणी विभागात होता. गिअरचे दाते एकसारखे कापले गेलेत की नाहीत हे बघणं त्याचं रोजचं काम. मगा देताना तो वाकला आणि त्याने सीटकडे पाहिलं. क्षणभर तसाच राहिला.

"जमंल ना, चाचा?" त्याने विचारलं.

"जमंल, साहेब."

"मला एक फोन करायचाय," तो म्हणाला आणि घरात गेला. परत आला नाही. तनुजाला त्याचा राग आला. म्हातारा माणूस त्याच्यासाठी गुडघे टेकून बसलाय आणि याला फोन सुचतोय, असं तिच्या मनात आलं. मग तिला तो राग किती सोयीचा आहे हे जाणवलं आणि तिने पातेल्याकडे नजर वळवली.

चाचांनी कोमट पाण्यात साबणाचे थेंब टाकून फेस केला. पांढऱ्या मलमलीचा तुकडा त्यात बुडवून पिळला आणि डागाच्या कडेपासून आतल्या बाजूला टिपत टिपत ते सरकायला लागले. प्रत्येक वेळी फडक्याचा नवा कोपरा, मग तो कोपरा धुणं, मग पुन्हा पिळणं. घाईने घासलं की डाग पसरतो, असं ते एकदा म्हणाले. रॉकेल लावलं असतं तर लवकर निघालं असतं, पण महिनाभर वास गेला नसता, असंही म्हणाले. एका ठिपक्याला ते इतका वेळ देत होते की तनुजाला तो ठिपका जाताना दिसे, आणि गेला तरी ते तिथंच टिपत राहत. मधूनच हात थांबवून दाराला टेकून बसत. तेव्हा तिच्याकडे बघत. आणि ती पाणी बदलायला आत जाई.

अकरा वाजता श्रेया चहा घेऊन आली. कप गाडीच्या टपावर ठेवणार होती, मग तिने तो चाचांच्या हातातच दिला. सीटकडे पाहिलं.

"चाचा, ती सायकल—"

"श्रेया, आत जा," तनुजा म्हणाली. "कुकर बंद कर."

"कुकर लावलेलाच नाहीये."

"मग लाव."

श्रेया आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी घरात चुकून शिरल्यावर माणूस बघतो तसं ती बघत होती. मग ती गेली. आतून कुकरचं झाकण लावल्याचा आवाज आला नाही.

चाचा चहा प्यायले. कपाच्या तळाशी उरलेला घोट त्यांनी कुंडीत ओतला, कप पायरीवर ठेवला आणि पुन्हा दारात गुडघा टेकला. तनुजाच्या तोंडात शब्द आले होते. पुढे झाली असती तर दोन पावलं होती. ती पायरीवर उभी राहिली. पलीकडच्या गच्चीवरून साळूबाई वाळवणाची चादर झटकत होत्या, खालीच बघत होत्या. साळूबाईंनी ऐकलं असतं, असं तनुजाने स्वतःला सांगितलं.

बारा वाजायच्या सुमाराला चाचा उठले. उठताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. सीटवर ओल्या कापडाचा गडद गोल होता, बाकी काही नव्हतं.

"दार उघडं राहू द्या दुपारपर्यंत," ते म्हणाले. "वाळलं की कळणारपण नाय."

सुदर्शन बाहेर आला. "चाचा, जेवून जा."

"नको, साहेब. मुनिरानं बनवून ठेवलंय." त्यांनी नळावर हात धुतले आणि कुर्त्याला पुसले. कुर्त्यावर पाण्याचे दोन पंजे उमटले. फाटकाशी ते जरासे थांबले. मागे वळतील असं तनुजाला वाटलं. ते कडी नीट बसली की नाही ते बघत होते.

श्रेयाने ताट घेऊन दुसऱ्या खोलीचं दार लोटून घेतलं. सुदर्शन भाकरीचा एकच तुकडा वरणात बुडवून बसला होता.

"अहो," तनुजा म्हणाली. "तो डाग चाचांचा नव्हता."

सुदर्शनने तुकडा ताटात ठेवला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

बाहेर गाडीचं दार वाऱ्याने हललं. तनुजाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय माहीत आहे?"

"श्रेयाच्या सायकलचं चाक आहे ते. पावडर झटकल्यावर दाते दिसले. सरळ दिसले. रोज तेच बघतो मी." तो ताटाकडे बघत बोलत होता. "मागं जाऊन पाहिलं. चेन तुटलीय. तूच आणली असणार, आणखी कोण आणणार."

"मी आणली. बुधवारी. श्रेया रस्त्यावर अडकली होती."

"बरं केलंस."

एवढंच. चार दिवस ज्याला ती घाबरली होती ते एवढंच निघालं, आणि त्याने तिला जास्तच वाईट वाटलं.

"मग बोलला का नाहीत?" तिने विचारलं. "ते बाहेर वाकून बसलेले होते."

"तू का नाही बोललीस?"

त्याने भांडायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती भाकरीचा पापुद्रा सोलत राहिली.

मग तोच म्हणाला, "फोन-बिन काही नव्हता. पलंगावर बसलो होतो आत. खिडकीतून ते दिसत होते. शुक्रवारी चार माणसांत बोलून बसलो होतो ना मी. म्हटलं, आता निम्मं काम झालंच आहे, होऊन जाऊ दे. नंतर काहीतरी करू त्यांच्यासाठी. ईदला कापड-बिपड घेऊ." त्याने हात धुवायला ताटातच पाणी ओतलं. "असा विचार केला मी. खरंच केला."

तनुजाने दोघांची ताटं उचलली. स्वयंपाकघरात नेली. परत आली तेव्हा तो तसाच बसला होता.

"संध्याकाळी जाऊन येतो त्यांच्याकडं," तो म्हणाला. "माफी मागतो."

"घरी नको," ती म्हणाली. "दुकानात जाऊ. उद्या सकाळी. माणसं असतील तेव्हा."

तो ओल्या बोटाने फरशीवर रेघ ओढत बसला. मग म्हणाला, "व्हय. दुकानातच."

रात्री तिने श्रेयाला सांगितलं. श्रेया अंथरुणावर पाठ करून पडली होती. "मी पण येऊ?" तिने विचारलं. शाळा आहे, असं तनुजा म्हणाली. श्रेयाने तोंड वळवलं नाही, पण पाय थोडे सरकवून आईला बसायला जागा दिली.

सोमवारी दहा वाजता ते दोघं चालत निघाले. चौकात नेहमीची गर्दी होती. चाचा स्टुलावर बसून एका चाकाचा आउट काढत होते. चाक स्टँडवर फिरवायचं, कुठं डुलतं ते बघायचं, तिथली तार आवळायची. दोन कामगार सायकली घेऊन थांबले होते. फकिराची टपरी भरलेली होती. शुक्रवारची सगळी माणसं तीच नव्हती, पण फकिरा तोच होता.

"या," चाचा म्हणाले. "बसा."

बसायला काही नव्हतं. तनुजाने पदर खांद्यावर नीट घेतला. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो कापला नाही, पण हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"चाचा, गाडीतला तो डाग मी पाडला होता. श्रेयाची सायकल मी मागच्या सीटवर टाकून आणली होती, तुम्ही बसलात त्याच्या आदल्या दिवशी. तुमचा त्यात काही संबंध नव्हता. शुक्रवारी मी गाडीत बसून ऐकत होते आणि बोलले नाही. काल पण बोलले नाही. आणि सायकलची हवा गेलीय म्हणाले ते पण खोटं होतं."

फकिराच्या हातातली गाळणी पातेल्यावर धरलेली राहिली. कोणीतरी मोबाईलवरचं गाणं बंद केलं.

चाचांनी चाक फिरवलं आणि ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

"मला माहीत होतं बेटा," ते म्हणाले. "ते चाक मीच बसवलंय त्या सायकलीला." त्यांनी एक तार आवळली. "अर्ध्या तासाचं काम होतं ते. लई तर पाऊण. मी बारा वाजवले. म्हटलं, पोरगी बोलंल. आता बोलंल, मग बोलंल. डाग तर कवाच गेला होता. मी नुसतंच पुसत होतो."

तनुजाने मान खाली घातली. तिच्या चपलेजवळ तुटलेल्या तारांचे तुकडे पडले होते.

"आज बोललीस. चांगलं केलंस." चाचा आता सुदर्शनकडे वळले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "सुदर्शनराव, रागावू नका हिला. माणूस घाबरतं. आणि तुमचं तर काय, तुम्हाला माहीतच नव्हतं. तुम्हाला वाटलं ते तुम्ही बोललात. झालं गेलं."

सुदर्शनराव. तनुजाने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्याला फक्त हो म्हणायचं होतं. तेही नाही, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. फकिराने चहाचे दोन ग्लास भरायला घेतले होते. सकाळ पुन्हा नेहमीसारखी व्हायला लागली होती.

सुदर्शनने खिशातून हात बाहेर काढले.

"मला कळलं होतं, चाचा," तो म्हणाला. "तुम्ही पावडर झटकली तेव्हाच. मग मी आत जाऊन बसलो. तुम्हाला करू दिलं."

चाचांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा अजून लालसर होता आणि त्याला पाणी येत होतं. कुर्त्याच्या टोकाने त्यांनी ते टिपलं. चष्म्याच्या काचा टिपल्या. मग बराच वेळ चष्मा हातातच धरून ते सुदर्शनकडे बघत राहिले, जणू या माणसाला ते पहिल्यांदाच नीट बघत होते.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा घातला, दुरुस्त झालेलं चाक बाजूला टेकवलं आणि थांबलेल्या कामगाराला हाताने पुढे बोलावलं.

"बोला. काय झालंय?"

कामगाराने आपली सायकल उलटी करून ठेवली आणि हळू आवाजात सांगायला लागला. फकिराने भरलेले ग्लास टपरीच्या फळीवर तसेच ठेवले. ते कोणाला द्यायचे ते त्याला कळेना. सुदर्शन उभाच होता, दोन्ही हात अंगालगत सोडून. तनुजा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. चला, असं ती त्याला म्हणाली नाही.